पाटीवर न लिहिलेली पदवी

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत कोणाचा मृत्यू होत नाही, कोणाचे घर जळत नाही आणि कोणी कोणास फसवून परागंदा होत नाही. एका बापाने आपल्या दारावरची पाटी स्वतःच्या हाताने रंगवली आणि तिच्यावर आपल्या मुलीची पदवी लिहिली नाही, एवढीच घटना येथे कथन करण्याचे योजिले आहे. एवढ्याशा गोष्टीची कथा होते काय, असा प्रश्न कोणास पडल्यास त्याने शेवटपर्यंत वाचावे व मग ठरवावे, ही नम्र विनंती.

सदर बाप पाट्या रंगवण्याचा व्यवसाय करी व सर्व लोक त्याला पेंटर या नावानेच ओळखत. हल्ली यंत्रातून छापलेल्या चकचकीत पाट्या तासाभरात मिळतात, त्यामुळे त्याचे काम पुष्कळ आटले होते. तथापि ज्यांना हातच्या अक्षराची गोडी आहे, असे लोक अद्याप त्याच्याकडे येत. शाळा त्याने लहानपणीच सोडली होती. परंतु त्याचे अक्षर असे की रस्त्याने जाणारा माणूस दुकानात शिरायचे विसरून पाटीच पाहत उभा राहावा.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या पदव्या रंगवल्यामुळे पेंटरच्या मनात पदव्यांची एक उतरंड रचली गेली होती. डॉक्टर लोक म्हणत, "नाव लहान काढलंत तरी चालेल, पदवी ठळक काढा." वकिलांना पदवी सोनेरी रंगात हवी असे. इंजिनिअर मंडळी पदवीखाली एक रेघ मारून घेत. उलट साहित्य किंवा इतिहास शिकलेले गिऱ्हाईक आले की ते ओशाळे हसून म्हणे, "नुसतं नाव लिहा हो, पुढचं राहू द्या." यावरून पेंटरने असा सिद्धान्त काढला होता की जी पदवी माणूस स्वतःच्या दारावर लिहायला लाजतो, ती मिळवण्यात वर्षे घालवू नयेत. हा सिद्धान्त तो ब्रश धुता धुता गिऱ्हाइकांना ऐकवी. गिऱ्हाइके मान डोलवीत, कारण ज्याच्या हातात आपली पाटी आहे त्याच्याशी वाद कोण घालणार?

परंतु सिद्धान्त दुसऱ्याच्या घराला लावणे सोपे असते. पेंटरला दोन अपत्ये होती. थोरला मुलगा इंजिनिअर होऊन पाण्याचे पंप तयार करणाऱ्या एका कंपनीत लागला होता. धाकटी मुलगी मात्र जुन्या लिपींचा अभ्यास करून एम. ए. झाली. दगडांवर व धातूच्या पत्र्यांवर शेकडो वर्षांपूर्वी कोरलेली, आता सामान्य माणसास न वाचता येणारी अक्षरे वाचणे, हा तिचा विषय. हा नाद तिला कोठून लागला, हे विचारण्याची गरज नव्हती. बालपणी ती बापाच्या घोडीखाली, म्हणजे ज्या लाकडी तिवईवर पाटी ठेवून रंगवतात तिच्याखाली, बसून खेळे. पुढे मोठी झाल्यावर ओळी आखण्याच्या, खडू लावलेल्या दोरीचे दुसरे टोक तीच धरी. बाप तिला शिकवी, "अक्षर नंतर वाचावं, आधी जागा वाचावी. कुठे किती सोडलंय ते बघ, म्हणजे लिहिणाऱ्याच्या मनातलं कळतं."

तिच्या पदवीची घरात मनसोक्त थट्टा होई. त्यात सर्वांत पुढे तिचा मामा, जो धंद्याने सुतार होता.

"दाजी, तुमचं घराणंच अक्षरांचं," मामा म्हणे. "तुम्ही जिवंत माणसांच्या पाट्या रंगवता, ही मेलेल्यांच्या वाचते. तुमच्या गिऱ्हाइकाला निदान अक्षर आवडलं नाही तर भांडता तरी येतं."

"मामा, माझी गिऱ्हाइकं मुकाट बसतात, हाच तर फायदा आहे," धाकटी उत्तर देई. "तुमच्यासारखी दरवाजा घासतो म्हणून चार वेळा बोलावत नाहीत."

मामा मोठ्याने हसे. पेंटरही हसे, पण त्याचे हसणे ओठांपुरतेच असे.

कथेची खरी सुरुवात येथून होते. एम. ए.चा निकाल लागला, धाकटी पहिल्या वर्गात आली, आणि तिला शिकवणाऱ्या व नुकत्याच दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या बाईंनी तिला पुढील संशोधनासाठी आपल्याकडे एक जागा देऊ केली. त्याकरिता तिला परगावी जाऊन राहावे लागणार होते. त्याच सुमारास थोरल्याने आपल्या कंपनीत बहिणीसाठी शब्द टाकला. आल्यागेल्याची नोंद ठेवणे, फोन घेणे, कागद योग्य टेबलावर पोहोचवणे, अशा स्वरूपाचे ते काम होते. दोन्हीकडे महिनाअखेरपर्यंत उत्तर कळवायचे होते. धाकटीने बापाला विचारले.

"बाबा, मी काय करू?"

"दादा काय म्हणतो?"

"दादा म्हणतो, दगड कुठे पळून जात नाहीत, नोकरी जाते. मी तुम्हाला विचारतेय."

"बघू," पेंटर म्हणाला.

हा 'बघू' शब्द आपल्या घराघरांतून फार झिजलेला आहे. त्याचा अर्थ होही नव्हे व नाहीही नव्हे; ज्याला उत्तर ठाऊक असूनही तोंडाने उच्चारायचे नसते, त्याचा तो आडोसा असतो. धाकटीने आणखी दोनदा विचारले, दोनदा तेच उत्तर मिळाले. मग ती विचारीनाशी झाली आणि वाट पाहू लागली.

तशात कुटुंब नव्या घरात राहावयास आले. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचे, परंतु दार नवे कोरे व देखणे होते. दारावर पाटी हवी, हे ओघाने आलेच. मामाने चांगल्या लाकडाची फळी काढली, रंधा मारून आरशासारखी केली आणि स्वतः खांद्यावरून आणून दिली.

"चौघांची नावं आणि दोघांच्या पदव्या, सगळं ऐसपैस बसेल अशी काढलीय," तो म्हणाला. "उद्या जावई आला, सून आली, तरी जागा आहे."

पेंटरने फळीला अस्तराचा, म्हणजे रंगाखालचा, पहिला हात दिला, तो वाळल्यावर गडद हिरवा रंग दिला आणि तो आखणीस बसला. खडूच्या दोरीने चार ओळी मारल्या. पहिली स्वतःची, दुसरी बायकोची, तिसरी थोरल्याची, चौथी धाकटीची. थोरल्याच्या ओळीत नाव व पदवी दोन्ही खडूने मांडून झाली. चौथ्या ओळीपाशी मात्र त्याचा हात थांबला.

त्या रविवारी थोरल्याचे साहेब नवे घर पाहण्यास येणार होते. साहेब दारापाशी उभे राहतील, पाटी वाचतील, आणि चौथ्या ओळीवर बोट ठेवून विचारतील, "हे काय असतं?" या प्रश्नाला आपण काय उत्तर देणार, हे पेंटरला सुचेना. मेलेल्यांच्या पाट्या वाचते, असे सांगावे काय? साहेब हसतील, थोरला मान खाली घालील. पेंटरच्या डोळ्यांसमोर ते ओशाळे हसणारे गिऱ्हाईक उभे राहिले आणि त्याच्या कानात आपलेच शब्द घुमले. त्याने खडू उचलला व चौथ्या ओळीत मुलीचे केवळ नाव मांडले. ओळ रिकामी दिसू नये म्हणून त्याने नावाची अक्षरे रुंद केली, अक्षराअक्षरात अंतर जास्त सोडले, आणि ओळ काठोकाठ भरून टाकली. त्याच्या सर्व कारकिर्दीत एवढ्या कौशल्याची आखणी त्याने क्वचितच केली असेल. ते कौशल्य कशासाठी खर्ची पडत आहे, हे त्याला तेव्हाच कळत होते. कळत असूनही त्याने रंगात ब्रश बुडवला.

पाटी दारावर चढली तेव्हा धाकटी ग्रंथालयात गेली होती. प्रथम पाहिली ती तिच्या आईने. हात पदराला पुसत ती दारात उभी राहिली. तिला वाचता येत होते, फार नाही, पण नावे वाचण्यापुरते येत होते.

"अहो, पोरीची पदवी कुठंय?"

"फळी लहान पडली."

तिने चौथ्या ओळीवरून बोट फिरवले. मग म्हणाली, "मी शिकले नाही, म्हणून माझ्या नावापुढे काही नाही, ते ठीकच आहे. ती शिकली, तरी तिच्या नावापुढे काही नाही. तुम्ही तिला माझ्या रांगेत आणून बसवलीत. मग एवढी वर्षं मी तिला पहाटे उठवत होते ती कशाला?"

"फळी लहान पडली म्हटलं ना."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली. नवऱ्याला खोटे पाडायचे नसले की ती 'बरं' म्हणे, आणि ते पेंटरला चांगले माहीत होते.

संध्याकाळी धाकटी जिना चढून आली. पेंटर दारातच काहीतरी निमित्त काढून बिजागऱ्यांना तेल घालीत होता. खाई त्याला खवखवे म्हणतात, त्यातली ही गत. तिने पाटी पाहिली. ती म्हणाली, "माझं नाव छान मोठं काढलंत."

"फळी जरा लहान पडली गं. नाहीतर पुढचंही लिहिणार होतो."

"असू दे, बाबा. चालतं."

तिने हे शब्द इतक्या सहजपणे उच्चारले की पेंटरच्या छातीवरचा भार किंचित हलका झाला. कदाचित तो तसाच हळूहळू उतरूनही गेला असता. पण तेवढ्यात, आपली फळी दारावर कशी दिसते हे पाहण्याच्या हौसेने, मामा जिन्यावर अवतरला आणि शेवटचे वाक्य त्याच्या कानी पडले.

"कोणाची फळी लहान पडली?"

"अरे, ते आपलं उगाच," पेंटर म्हणाला.

"उगाच कसं? दाजी, लोक मला नावं ठेवतील. सुताराला फळी मोजता येत नाही म्हणतील." मामाने पाटीवर हात ठेवला व वीत पसरून दाखवली. "हे बघा, इथे किती सोडलंय. इथे किती सोडलंय. ह्या नावाची अक्षरं तर अशी ताणलीत, की दोरीवर चादर वाळत घातल्यासारखी. थोरल्याच्या नावासारखं अक्षर काढलं असतं तर हिच्या दोन पदव्या बसल्या असत्या. फळी लहान म्हणे."

बोलता बोलता त्याने भाचीच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि पसरलेली वीत हळूच मिटली. आपल्या रंध्याची अब्रू राखण्याच्या भरात आपण काय करून बसलो, हे त्याला उमगले. परंतु सुटलेला शब्द माघारी येत नसतो.

"मामा, मला दिसलं होतं," धाकटी शांतपणे म्हणाली. "आत या, चहा ठेवते."

याचा अर्थ असा की तिला आधीच समजले होते आणि बापाची लाज राखण्यासाठीच तिने 'चालतं' म्हटले होते. जागा वाचायला तिला ज्याने शिकवले, त्यानेच तिच्यासमोर जागेविषयी खोटे बोलावे, याहून मोठी चूक पेंटरच्या हातून दुसरी होणे शक्य नव्हते. त्याने चहा घेतला, पण तो गोड होता की कसा, हे त्याला सांगता आले नसते. मामाही त्या दिवशी थट्टा न करता लवकर उठला.

रविवारी साहेब आले. पेंटरने मनात रंगवला होता तसा तो माणूस मुळीच नव्हता. साधा, हळू बोलणारा, बूट दाराबाहेर काढावेत की नाही या विचारात पडणारा गृहस्थ होता. पाटीसमोर तो थबकला.

"हे हाताने लिहिलंय? कोणी?"

"बाबांनी," थोरला अभिमानाने म्हणाला.

"फार सुंदर. असं अक्षर आता बघायला मिळत नाही."

पेंटरने हात जोडले. स्तुती ऐकताना आपल्याला कोणी चिमटा काढत आहे, असे त्याला वाटले. पुढे गप्पा झाल्या, खाणे झाले. धाकटी पाण्याचे पेले घेऊन आली तेव्हा साहेबांनी तिला आपुलकीने विचारले, "तुझ्याविषयी दादा बोलला होता. तू काय शिकलीस?"

पेंटरने हातातली बशी खाली ठेवली. आता ती सांगेल आणि आपणही पुढे होऊन दोन शब्द बोलू, असे त्याने मनाशी ठरवले.

"काही विशेष नाही, सर," धाकटी म्हणाली. "फोन घेता येतो, आणि माझं अक्षर चांगलं आहे."

सर्व हसले. साहेब म्हणाले, "मग अडचण कसली? एक तारखेपासून ये." थोरल्याने समाधानाने आईकडे पाहिले. आई स्वयंपाकघरात निघून गेली. पेंटरच्या जिभेवर आलेले ते दोन शब्द तेथेच वाळून गेले. जे व्हावे असे त्याला मनातून वाटत होते, तेच नेमके घडले होते. पाटीवरून गाळलेली पदवी मुलीने आता बोलण्यातूनही गाळली होती, आणि हे काम तिला त्यानेच शिकवले होते.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना पेंटरने पाटी खाली काढली, बारीक ब्रश घेतला आणि चौथ्या ओळीच्या खाली, काठालगत उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत, मुलीची पदवी लिहिली. अक्षरे लहान झाली, पण सुबक झाली. धाकटी परतली तेव्हा तो पाटीशेजारीच उभा होता.

"बघ, बसली," तो म्हणाला.

तिने वाकून पाहिले. "नंतर घुसवलेली दिसते, बाबा."

"वाळल्यावर नाही दिसणार."

"दिसेल. आम्हाला वर्षभर हेच शिकवलं. हात तोच असतो, पण दिवस वेगळा असतो. जुन्या दगडांवर राजाने कोणाचं नाव आधी टाळलं आणि मग लोक बोलायला लागल्यावर कोपऱ्यात कोरून घेतलं, ते आम्ही असंच ओळखतो."

पेंटरला प्रथमच कळले की तिच्या विषयात असेही काही असते. तो म्हणाला, "मग सगळी खरवडतो. पहिल्यापासून लिहितो."

"पाटीचं काही नाही हो. मी तुम्हाला तीनदा विचारलं, काय करू. तुम्ही बघू म्हणालात. मग पाटी लागली. मला उत्तर मिळालं. बाईंना मी त्याच दिवशी नाही म्हणून कळवलं."

"ते उत्तर नव्हतं गं."

"मग काय होतं?"

 पेंटर ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून, तो स्वच्छ झाल्यानंतरही, पुष्कळ वेळ धूत राहिला.

त्याच दिवशी दुपारी त्याने थोरल्याकडून बाईंचा क्रमांक मिळवला व दुकानातून फोन केला. मोठ्या शिकलेल्या बाईशी कसे बोलावे या विवंचनेत त्याने बोलायचे सर्व आधी पाठ केले होते, प्रत्यक्षात तो एवढेच म्हणाला, "मी तिचा बाप. माझी चूक झाली. जागा गेली का?"

"जागा अजून आहे," बाई म्हणाल्या. "पण नाही तिनं म्हटलंय, काका. हो पण तिनंच म्हणायला हवं. तुमच्या फोनवर मी तिला घेणार नाही."

पेंटर जवळजवळ धावतच घरी आला. धाकटी खिडकीपाशी बसून ओढणीला टाके घालीत होती. त्याने सर्व सांगितले.

"तू जा," तो म्हणाला. "दादाला मी समजावतो. साहेबांची माफी मी मागतो."

धाकटीने सुई थांबवली. "बाबा, तुम्हाला वाईट वाटतंय म्हणून जा म्हणताय."

"वाईट तर वाटतंच आहे."

"तुमच्या वाईट वाटण्यावर मला शिकायचं नाही. दोन महिन्यांनी ते ओसरेल, आणि मग पुन्हा सगळे जेवताना मेलेल्यांच्या गोष्टी निघतील. मी तिकडे एकटी खोलीत बसून तेच आठवत राहीन." ती बापाकडे सरळ पाहत होती. "तुम्ही एकच सांगा. दादा शिकला त्याला जेवढं मोल आहे, तेवढंच मी शिकले त्यालाही आहे, असं तुम्हाला वाटतं का? वाटत असेल तर मी उद्या निघते."

वाचकहो, येथे पेंटरने हो म्हटले असते तर सर्व काही सुरळीत झाले असते. तो शब्द त्याच्या ओठांवर आलाही होता. परंतु एकदा त्याने मुलीसमोर खोटे बोलून पाहिले होते आणि ते तिने वाचले होते. त्याने स्वतःचे मन चाचपून पाहिले. तेथे माया होती, पश्चात्ताप होता, तिच्या हुशारीचा अभिमानही होता. पण ज्या गोष्टीविषयी ती विचारत होती ती तेथे सापडेना. पंप फिरला की पाणी वर चढते, हे त्याला दिसत होते. जुना दगड वाचल्याने काय वर चढते, हे त्याला कोणी कधी सांगितले नव्हते, आणि त्यानेही कधी विचारले नव्हते.

"मला कळत नाही गं," तो शेवटी म्हणाला. "खरं सांगतो. तुझं शिकणं काय आहे तेच मला माहीत नाही. तू सांग. मी ऐकतो."

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आले, परंतु ती रागावली नाही. "हे तुम्ही खरं बोललात," ती म्हणाली. "सांगेन कधीतरी. आज नको, बाबा. आज मी दमलेय." आणि तिने पुन्हा सुई उचलली.

महिना संपला. बाईंकडची जागा दुसऱ्या कोणास मिळाली. धाकटी एक तारखेस कामावर रुजू व्हायला निघाली तेव्हा पेंटरने हट्टाने तिला आपल्या जुन्या स्कूटरवर बसवले.  फाटकापाशी ती उतरली, केस सारखे केले आणि पहारेकऱ्याने दिलेले तात्पुरते ओळखपत्र गळ्यात घातले.

"संध्याकाळी न्यायला येऊ का?" पेंटरने विचारले.

"कशाला दगदग करता? बस असते, बाबा."

"मला काही काम नसतं."

"असतं हो," ती म्हणाली, आणि त्याच्या बाहीवर लागलेला हिरवा रंग नखाने खरवडून पाहून, तो निघत नाही असे दिसल्यावर, आत निघून गेली. पेंटर स्कूटर चालू न करताच बराच वेळ तेथे थांबला. शेवटी पहारेकऱ्याने त्याला वाट मोकळी करण्यास सांगितले.

कथा येथे संपते. कोणती पदवी थोर व कोणती हलकी, याचा निवाडा करण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. पेंटरचे दुकान माझ्या दुकानाला लागून आहे. तो अलीकडे आपला सिद्धान्त कोणास ऐकवीत नाही, एवढे मात्र मी रोज पाहतो. आपण आपला अमूल्य वेळ खर्चून हे वाचलेत, याबद्दल मनापासून आभारी आहे.

आपला नम्र,
घड्याळे दुरुस्त करणारा,
काटेमास्तर